शिपायाचा शब्द

(ज्युबिलीनिमित्त माजी सैनिकांच्या सत्कारसभेंत केलेलें भाषण)



आजच्या समारंभांत चार शब्द बोलावे अशी आज्ञा ज्युबिली समितीनें केली, तेव्हां मीं प्रथम नकार दिला होता. फौजेचा आणि माझा संबंध म्हणाल तर एवढाच, कीं तीस वर्षें मीं शाळेंत इतिहास शिकविला आणि दोन्ही महायुद्धें प्रतिवर्षीं फेब्रुवारीच्या आंत उरकलीं. बंदूक मीं कधीं हातीं धरली नाहीं. पण समितीचे चिटणीस म्हणाले, "गुरुजी, शाल-नारळ आम्ही देऊं, तुम्ही फक्त बोला." शाल आणि नारळ यांवरच सत्कार संपावा हें मला बरें वाटेना, म्हणून उभा राहिलों आहें.

सभेच्या आरंभीं आपण दोन मिनिटें मौन पाळलें. तें योग्यच झालें. परंतु मृतांसाठीं मौन पाळतां पाळतां जिवंत शिपायांसमोरहि गप्प बसण्याची आपल्याला संवय जडली आहे. माझी तक्रार आहे ती या दुसऱ्या मौनाविषयीं.

दगडावर काय राहतें, तें प्रथम पाहूं. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या गांवाला लोक "अपशिंगे मिलिटरी" म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ जवान कामीं आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारनें तेथें दगड बसविला. असे दगड आपल्या मुलखांत इतरत्रहि आढळतात. या गांवांतून इतके गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच त्यांवरचा मजकूर. आंकडा असतो. माणूस नसतो.

त्या युद्धांत दहा लाखांहून अधिक हिंदी माणसें समुद्रापार गेलीं आणि सुमारें ७४,००० परत आलीं नाहींत. मराठी मुलखांतील पुष्कळांच्या वांट्याला मेसापोटेमिया, म्हणजे आजचा इराक, आला. तैग्रिस नदीच्या कांठीं कूत-अल-अमारा येथें १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी वेढ्यांत सांपडल्या होत्या. अन्न इतकें सरलें कीं घोडीं मारून खाण्याची पाळी आली, आणि धर्माला बट्टा लागेल या भीतीनें हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांनीं कित्येक आठवडे तें मांस नाकारून उपास काढले. १४७ दिवसांनीं, २९ एप्रिल १९१६ रोजीं, सुमारें १३,००० माणसें शरण गेलीं, आणि पुढें वाळवंटांतून पायीं नेलेल्या कैद्यांपैकीं किती तरी वाटेंतच पडले.

या मोहिमेंतील मृतांसाठीं बसऱ्याला एक स्मारक उभारलें गेलें. चाळीस हजारांहून अधिक मृतांची त्यावर नोंद आहे. परंतु गोऱ्या शिपायाचें तेथें नांव आहे, हिंदी अधिकाऱ्याचेंहि नांव आहे, आणि हिंदी शिपायाचा मात्र पलटणीच्या नांवाखालीं नुसता आंकडा आहे. युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानेंच २०२१ सालीं एका अहवालांत कबूल केलें, कीं पहिल्या महायुद्धांतील ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण, आणि यांत हिंदी व आफ्रिकी लोकच मुख्यतः होते, इतरांच्या बरोबरीनें झालें नाहीं. कबुली यावयास शंभर वर्षें लागलीं. असो. उशिरां आलेल्या कबुलीलाहि कबुलीच म्हणावें.

पण समजा, उद्यां तीं सगळीं नांवें दगडावर आलीं, तरी माझें समाधान व्हावयाचें नाहीं. आपल्या देवळाच्या कपाटांत बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि मरणाच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येक माणसाचें नांव तेथें तीनदां येतें, शाईनें, तारखेसह. ज्युबिलीच्या कामासाठीं फादरांनीं मला त्या चाळूं दिल्या. चाळतांना एक गोष्ट मनांत आली: बाप्तिस्मा आणि विवाह यांमध्यें, किंवा विवाह आणि मरण यांमध्यें, एखादा माणूस चार वर्षें इजिप्तच्या वाळूंत होता किंवा दोन हिंवाळे लडाखच्या बर्फांत होता, हें त्या वहीला ठाऊक नाहीं. तें तिनें जाणावें अशी अपेक्षाहि नाहीं. तें आपण जाणावयाचें होतें.

शिपायाचे स्वतःचे शब्द जगांत कोठें राहिले आहेत काय? राहिले आहेत; पण ते कोणीं राखले, हें ऐकून तुम्हांस आश्चर्य वाटेल.

१९१४ च्या शरदांत हिंदी पलटणी फ्रान्सांत उतरल्या. बहुतेक शिपायांना लिहितां येत नसे. एखादा लिहिता सोबती किंवा कारकून त्यांचें पत्र लिहून देई. बूलोन येथें सरकारनें टपाल तपासणारे परीक्षक बसविले होते, आणि कॅप्टन हॉवेल हे त्यांचे प्रमुख होते. पत्रें उघडावीं, निवडक उतारे इंग्रजींत करावे, आणि शिपायांच्या मनांत काय चाललें आहे तें वरिष्ठांस कळवावें, हें त्यांचें काम. शिपाई खुळे नव्हते. आपलें पत्र कोणी तरी वाचतो हें त्यांनीं ताडलें होतें. म्हणून एकानें घरीं काळ्या आणि तांबड्या मिऱ्याच्या सांठ्याची बातमी लिहिली. काळें म्हणजे आपण, तांबडें म्हणजे गोरे, हें घरच्यांनीं समजून घ्यावयाचें. परीक्षकानेंहि तें समजून घेतलें, आणि म्हणूनच तें आज आपल्याला वाचावयास मिळतें! कारण मूळ पत्रें खेडोपाडीं गेलीं, कोणाकडून तरी वाचून घेतलीं गेलीं, कोनाड्यांत पडलीं, आणि बहुतेक नाहींशीं झालीं. परीक्षकाचे इंग्रजी उतारे मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत शाबूत आहेत. डेव्हिड ओमिसी या इतिहासकारानें त्यांतील शेंकडों पत्रें निवडून १९९९ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. शिपाई एक भाषा बोलला, लेखनिकानें ती आपल्या वळणानें लिहिली, भाषांतरकारानें ती इंग्रजींत नेली. तीन हातांतून गाळून जें उरलें, तेवढेंच आपल्या हातीं आलें.

दुसरी हकीकत याहून चमत्कारिक आहे. बर्लिनजवळ व्ह्यून्सडॉर्फ येथें जर्मनांनीं हिंदी युद्धकैद्यांची छावणी केली होती. प्रशियन सरकारनें नेमलेलें विद्वानांचें एक मंडळ तेथें ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन जाई. जगांतल्या भाषांचे नमुने गोळा करावे हा त्यांचा हेतु. त्यांना उच्चार हवे होते, माणसाची कहाणी नको होती. कैद्याला कर्ण्यासमोर उभें करीत आणि बोलावयास सांगत. ११ डिसेंबर १९१६ रोजीं फिरोजपूर जिल्ह्यांतील मालसिंग नांवाचा एक शीख शिपाई असा उभा राहिला आणि मिनिटा-दीड मिनिटांत त्यानें आपलें सारें आयुष्य सांगितलें. पण "मी" म्हणून नव्हे. एक माणूस होता, असें त्यानें सुरू केलें. तो हिंदुस्थानांत लोणी खात असे, दूध पीत असे. तो या लढाईंत आला. जर्मनांनीं त्याला पकडलें. त्याला हिंदुस्थानांत परत जावयाचें आहे. वाघ-सिंहाची गोष्ट सांगावी तशी त्यानें स्वतःची गोष्ट सांगितली. आणखी दोन वर्षें येथें राहिला तर तो माणूस मरेल, असेंहि तो सांगतो. ती तबकडी आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. २००७ सालीं एका जर्मन चित्रपटकारानें त्या आवाजाच्या मागावर एक चित्रपट काढला, आणि तो आवाज पुन्हां जगाच्या कानीं पडला.

मीं तो आवाज एका विद्यार्थ्याच्या मोबाईलवर ऐकला. पंजाबी मला समजत नाहीं. पण शाळेंत ज्या पोरानें खोडी केलेली असते, तें पोर "एका मुलानें असें असें केलें" म्हणून सांगूं लागतें, तेव्हां त्याच्या गळ्यांत जें होतें तें त्या आवाजांत होतें, एवढें मला समजलें.

तर असा हा प्रकार आहे. टपाल फोडणाऱ्यानें शिपायाचे शब्द जपले. शत्रूच्या पंडितानें जपले. दोघांचेहि हेतु निराळे, त्यांत प्रेम कोणाचेंच नव्हतें. आणि ज्यांचें प्रेम होतें त्यांनीं काय केलें? दुसऱ्याच्या घरचें काढण्यापेक्षां माझ्याच घरचें सांगतों.

माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणत असूं, १९४२ सालीं फौजेंत ड्रायव्हर म्हणून भरती झाले. आधीं इजिप्त, मग इटली. १९४६ सालीं घरीं आले आणि पुढें जन्मभर ऊंसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर हांकले. त्यांच्या काळ्या ट्रंकेंत पेबुक, डिस्चार्जचा कागद, दोन फोटो आणि सुतळीनें बांधलेला पत्रांचा गठ्ठा होता. त्यांनीं धाडलेलीं पत्रें चुलतीनें जपलीं होतीं, आणि तिनें आमच्या वडिलांकडून लिहवून घेतलेलीं पत्रें त्यांनीं परत आणलीं होतीं. दोन्हीं एकाच गठ्ठ्यांत. १९८१ सालीं घराचें माळवद उतरून आम्हीं वर पत्रे घातले. त्या गडबडींत ट्रंक अंगणांत आली. गठ्ठ्याच्या एका कोपऱ्याला वाळवी लागली होती. रद्दीवाला दारांतच होता. मीं, इतिहासाच्या शिक्षकानें, तो गठ्ठा स्वतःच्या हातानें त्याच्या तराजूंत टाकला. इतर रद्दीसह चार रुपये आले. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनीं पाहिलें. कांहीं बोलले नाहींत. चुलती आंत गेली.

त्याच वर्षीं नववीच्या वर्गाला मीं इटलीची मोहीम दोन वाक्यांत शिकविली, कारण पुस्तकांत तेवढीच होती.

आबांनीं युद्धाची म्हणून एकच गोष्ट मला सांगितली, आणि तीहि मीं विचारली म्हणून नव्हे. १९८९ च्या नाताळांत मध्यरात्रीच्या मिस्सेहून आम्ही बरोबर चालत येत होतों. थंडी कडक होती. आबा एकाएकीं म्हणाले, "इटलींत अशीच रात्र होती, पण देवळाला छप्पर नव्हतें." मग बोलत राहिले. १९४४ चा नाताळ. डोंगरांतलें एक गांव, तोफांनीं अर्धें पाडलेलें. आबांची गाडी तेथें बिघडून पडलेली. देवळांत पांच-सहा म्हाताऱ्या, एक म्हातारा पाद्री, आणि मिस्सेला उत्तरें द्यावयास एकहि मुलगा नाहीं. गांवचे पुरुष कोठें होते कोण जाणे. त्या काळीं मिस्सा जगभर लॅटिनमध्यें होत असे, हें येथल्या तरुण मंडळींना सांगावें लागेल. आबा मिशनच्या शाळेंत असतांना वेदीवर सेवा करीत. लॅटिन उत्तरें त्यांना तोंडपाठ, अर्थ एकाहि शब्दाचा ठाऊक नाहीं. ते भिंतीशीं उभे होते. पाद्रीनें पहिलें वाक्य म्हटलें आणि उत्तर आलें नाहीं. तेव्हां आबा चिखलाच्या बुटांनिशीं पुढें गेले, पायरीवर गुडघे टेकले, आणि उत्तर दिलें. पाद्रीनें वळून पाहिलें. काळा माणूस, इंग्रजांचा गणवेश, आणि तोंडांत त्याच्याच देवळाचे शब्द. मिस्सा संपल्यावर त्यानें आबांचे दोन्ही हात धरले आणि रडला. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. एका म्हातारीनें भाजलेले चेस्टनट पदरांतून काढून दिले. "आपल्या शिंगाड्यासारखे लागतात," आबा म्हणाले.

गांवाचें नांव त्यांनीं सांगितलें होतें. मीं तें त्या रात्रीं लिहून ठेवलें नाहीं. उद्यां लिहूं म्हटलें. पुढच्या जानेवारींत आबा गेले. नांवाचें पहिलें अक्षरहि मला आठवत नाहीं. इटलीचा नकाशा घेऊन मी कित्येक रात्रीं बसलों आहें, एखादें नांव वाचून कान टवकारतील म्हणून. टवकारत नाहींत.

इटलींत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले आणि ५,७८२ तेथेंच राहिले. त्या मोहिमेंतील दोन मराठी शिपायांचीं नांवें पुष्कळांना ठाऊक आहेत. नाईक यशवंत घाडगे हे माणगांव तालुक्यांतले, तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतले. १० जुलै १९४४ रोजीं वरच्या टायबरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडींतील सगळीं माणसें मशीनगनीपुढें पडलीं, तेव्हां ते एकटेच त्या गनीवर धांवून गेले, ती बंद पाडली, आणि तेथेंच गोळी लागून पडले. त्यांची कबर सांपडलेली नाहीं. कॅसिनोच्या स्मारकावर नांव आहे. दुसरे नामदेव जाधव, आपल्याच जिल्ह्यांतील निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीवर त्यांनीं एका जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन पाण्यांतून आणि सुरुंगांतून पैलतीरीं पोंचविलें, परत जाऊन दुसऱ्याला आणलें, आणि मग हात जखमी झालेला असतां हातबाँब फेंकून शत्रूच्या गनी बंद केल्या. दोघांनाहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव जगले, १९८४ पर्यंत.

येथें मला एक विचार सुचतो. त्या पदकाबरोबर जो सरकारी वृत्तांत छापला गेला त्यांत जाधवांच्या आयुष्याचा फार तर एका दिवसाचा भाग आहे. त्यानंतर ते एकोणचाळीस वर्षें जगले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्याचाहि सरकार एवढाच हिशेब ठेवतें, तर आबांसारख्या ड्रायव्हरचा, खानसाम्याचा, खेचरें हांकणाऱ्याचा, स्ट्रेचर वाहणाऱ्याचा हिशेब कोण ठेवणार? उम्ब्रिया प्रांतांतील मोंतोने गांवच्या लोकांनीं आणि तेथल्या इतिहासप्रेमींनीं जुलै २०२३ मध्यें घाडग्यांच्या नांवानें सूर्यघड्याळ उभारलें. परक्या गांवानें आपल्या मातींत पडलेल्याची आठवण ठेवली, हें मोठेंच म्हणावयाचें. ज्या गांवांत तो परत आला, त्या गांवाचें काम मात्र त्यानें होत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांतले आपल्या धर्मग्रामांतील सर्वजण आतां गेले. पुढच्या बांकांवर जे बसले आहेत ते १९६५ चे आहेत, १९७१ चे आहेत, कारगिलचे आहेत. १९७१ सालीं जो वीस वर्षांचा होता तो आज पंचाहत्तरीच्या घरांत आहे. त्या युद्धांतील जमालपूरची लढाई मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीची म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्या ब्रिगेडियरनें पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याविषयीं पत्र धाडलें. एक बंगाली गृहस्थ तें घेऊन गेले. कर्नलनें उत्तराच्या पत्रांत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठविली. हीं दोन पत्रें इतिहासांत गेलीं, आणि तीं जावयासच हवीं होतीं. पण त्याच डिसेंबरांत खंदकांतल्या शिपायानें आईला लिहिलेलें आंतर्देशीय पत्र कोणाच्या तरी ट्रंकेंत आहे. रद्दीवाला अजून दारावर येतो.

अमेरिकेंत २००० सालीं कायदा करून तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत माजी सैनिकांच्या तोंडच्या हकीकती गोळा करण्याचें काम सुरू झालें. एक लाखाहून अधिक जणांच्या हकीकती तेथें जमल्या आहेत. त्यांचा एक नियम मला फार आवडला: मुलाखत अर्ध्या तासाहून कमी नको, आणि तींत कांटछांट नको. हें काम तेथें पंडितांनीं नव्हे, शेजाऱ्यांनीं, नातवंडांनीं, शाळेंतल्या मुलांनीं केलें. त्याला लागतें काय? एक खुर्ची, एक वही, आणि ऐकून घेण्याची बुद्धि. आजकाल खिशांत मोबाईल असतोच, त्यांत आवाजहि राहील. परंतु मोबाईल दोन वर्षांनीं बदलला जातो, वही बदलली जात नाहीं, म्हणून लिहूनहि काढा.

ऐकावें कसें, याविषयीं अनुभवानें चार गोष्टी सांगतों. अनुभव थोडाच आहे, कारण उशिरां शहाणा झालों. "काय पराक्रम केलात?" असें विचारलें कीं माणूस मिटतो. "तेथें जेवण काय मिळे?" असें विचारा. शेजारच्या खाटेवर कोण होता, पत्र कोण लिहून देई, पहिली रजा केव्हां मिळाली, पायांत काय होतें, असें विचारा. माझ्या आळींतील एक गृहस्थ, ते येथें बसले आहेत, नांव घेत नाहीं, बूटमोज्यांपासून सुरू झाले. बंगालच्या ओलीनें पायांची कातडी कशी सोलून निघे, तें अर्धा तास सांगितलें. पुढें नदीवर आले. होडींत कोण कोण होते, त्यांचीं नांवें घेतलीं. चौथ्या नांवाला थांबले आणि स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. मीं पेनाला टोपण घातलें. त्या दिवशीं आम्ही चहा घेतला आणि उठलों. तीन आठवड्यांनीं तेच म्हणाले, "गुरुजी, तो चौथा राहिला." तेव्हां लिहिलें.

म्हणून सांगतों, हें पापनिवेदन नव्हे, आणि आपण कोणी धर्मगुरु नव्हे. माणसानें द्यावें तेवढें घ्यावें. जें लिहिलें तें त्याला वाचून दाखवावें. तो खोडा म्हणेल तें त्याच्यासमोर खोडावें. हें माझ्या मागें वाचा म्हणेल तें पाकिटांत बंद करून वर तसें लिहावें. त्याच्या बोलींत लिहावें. तारीख चुकली तर मजकुरांत दुरुस्ती न करतां कडेला पेन्सिलीनें टीप करावी. आणि कृपा करून प्रत्येकाला शूर वीर करूं नका. जो घाबरला, जो आजारी पडून मागें राहिला, ज्याला दारूनें खाल्लें, त्याचीहि हकीकत खरी आहे. माझ्यासारखे वक्ते एका विशेषणांत माणसाला पुरून टाकतात, तें वहीनें करूं नये.

आणखी एक. बायकांना विचारा. माझ्या चुलतीनें चार वर्षें वाट पाहिली, आणि तिला कोणींहि शाल दिली नाहीं. मनिऑर्डर महिन्याची असे. तिच्या म्हातारपणीं मीं एकदां विचारलें तेव्हां ती एवढेंच म्हणाली, कीं पोस्टमन वेशीजवळ सायकलवरून उतरून चालूं लागला म्हणजे तिच्या पोटांत गोळा येई, कारण तारेचा कागद आणतांना तो चालत येई. दुसऱ्या महायुद्धावरील पुस्तकें मीं बरींच वाचलीं. हा चालणारा पोस्टमन मला त्यांत भेटला नाहीं. सैनिकांच्या पत्नी आणि विधवा आज येथें आहेत. त्यांना मागच्या बांकांवर बसविलें आहे, हें समितीच्या ध्यानीं आणून देतों.

आतां माझी विनंति. फादरांच्या परवानगीनें नोंदवह्यांच्या कपाटांत आणखी एक वही ठेवावयाची आहे. जाड पुठ्ठ्याची, तीनशें पानांची. ती मीं आणली आहे. दर रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या व्हरांड्यांत मी, आणि दहावीचीं चार मुलें, बसूं. ज्यांना यावयास जमत नसेल त्यांच्या घरीं मुलें येतील. त्यांना चहा पाजावा, ओरडूं नये. प्रत्येक हकीकतीच्या दोन प्रती होतील, एक वहींत आणि एक त्या घरीं. फोटो, पेबुकें, पत्रें आम्ही ठेवून घेणार नाहीं. मोबाईलवर प्रतिमा घेऊन लगेच परत देऊं. फोटोंच्या मागें मऊ पेन्सिलीनें नांवें मात्र आजच लिहा, कारण कोण कोण आहे हें सांगणारें माणूस घरांत आज आहे. ज्यांची संमति असेल त्यांच्या हकीकतींपैकीं एक, दरवर्षीं २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशीं, स्मशानांतील प्रार्थनेनंतर मोठ्यानें वाचावी, असें फादरांशीं बोलणें झालें आहे. वाचणारा शक्य तर त्या घरचाच मुलगा किंवा मुलगी असावी.

वहीचें पहिलें पान मीं काल रात्रीं लिहिलें. आबांच्या नाताळाची हकीकत आहे ती, मघाशीं तुम्हांस सांगितली तेवढीच. गांवाच्या नांवाची जागा कोरी ठेवली आहे. दुसऱ्या पानावर अजून कांहीं लिहिलेलें नाहीं. येत्या रविवारीं तेथें कोण बसणार, तें पुढच्या बांकांवरच्या मंडळींनीं आपसांत ठरवावें. मी आठ वाजल्यापासून व्हरांड्यांत आहें.